जैनाबादची पाटी

तापीवरचा पूल ओलांडला आणि आत्याने काचेबाहेर बोट केलं. "जैनाबाद," तिने पाटी वाचली. "पूर्वी जैनांची वस्ती असेल इथे." मलाही तसंच वाटलं. मागे बुऱ्हाणपूरचा तट दूर होत होता आणि आम्हाला अंधार पडायच्या आत कन्नडचा घाट चढायचा होता. पाटी मागे गेली. त्या पाटीवरच्या 'ज'खालचा नुक्ता कधीतरी गळून पडलाय आणि त्याच्याबरोबर एक अख्खा माणूस आमच्या नजरेआड झालाय, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आत्याने इंदूरच्या शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवलेली. त्या एका टिंबाची चुटपुट तिला माझ्याहून जास्त लागली.

आम्ही निघालो होतो घृष्णेश्वराला. एका पिढीने एकदा तरी वेरूळला जाऊन यायचं, अशी आमच्या घरची रीत. कोणी पूर्वज होळकरांच्या कारभारात लेखणी घेऊन माळव्यात आला आणि तिथलाच झाला. पण अहिल्याबाईंनी ज्या देवळाचा जीर्णोद्धार केला तिथे डोकं टेकायला मात्र घर दरवेळी दक्षिणेकडे वळत राहिलं. वडिलांना ते जमलं नाही, म्हणून मी निघालो. आत्या म्हणाली, "मला सोडून जाऊ नकोस."

पहाटे इंदूर सोडलं. सिमरोलचा घाट उतरून बडवाहला आलो तेव्हा उजाडलं होतं. मोरटक्क्याच्या पुलावर गाडी हळू केली, आत्याने नर्मदेत नाणं टाकलं. खंडव्यानंतर डोंगरावर असीरगड दिसू लागला. उत्तरेतून येणारी प्रत्येक फौज ज्या किल्ल्याकडे बघून थबकली तो हा. मग बुऱ्हाणपूर. चहाला थांबलो आणि चौकात समोरच जामा मशीद होती म्हणून आत गेलो.

प्रवासातला पहिला धक्का तिथेच बसला. फारुकी घराण्याच्या आदिलशाहाने, म्हणजे राजा अली खानाने, सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही मशीद. तिच्या आत अरबी लेखाच्या जोडीला दगडात कोरलेला संस्कृत लेख आहे. सृष्टिकर्त्याला वंदन, मग राजाची वंशावळ, मग विक्रम संवत १६४६, तिथी, वार आणि नक्षत्र. मशिदीच्या भिंतीवर पंचांग! आत्याने चष्मा पुसला आणि अक्षरं लावत राहिली. "अक्षर सुरेख आहे रे," एवढंच म्हणाली. बांधणाऱ्याला आपली गोष्ट गावातल्या सगळ्यांना सांगायची होती, म्हणून त्याने ती दोन भाषांत सांगितली. मी इमारतींचे नकाशे काढण्यात आयुष्य घालवलेला माणूस. इतक्या मोठ्या मनाने लावलेली कोनशिला मी पाहिली नव्हती.

घृष्णेश्वराचं दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. तांबूस दगडाचं देऊळ, गाभाऱ्यात उघड्या अंगाने जाण्याची रीत, पिंडीवर हात ठेवता येतो ते भाग्य. हे गाव मालोजीराजांचं. होळकरांच्या आधी त्यांनी याच देवळाची डागडुजी केली आणि अहमदनगरच्या शाह शरीफ नावाच्या अवलियावरच्या श्रद्धेने आपल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. हे मी शाळेत वाचलं होतं. पण देवळाच्या ओट्यावर बसून वर डोंगराकडे बघताना ते पुन्हा आठवलं, कारण त्या डोंगरावरच आम्हाला पुढे जायचं होतं. आत्याला भद्रा मारुती बघायचा होता.

वेरूळपासून घाटाने वर चार-पाच किलोमीटर गेलं की खुलताबाद. सरकारी कागदांत ते खुलदाबाद होतं, जुनी माणसं अजून रौजा म्हणतात. रौजा म्हणजे बाग, आणि थोर माणसाची समाधीही. भद्रा मारुती हा निजलेला मारुती. शेंदरातला, शांत, डोळे मिटून पडलेला. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी औरंगाबादहून, आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, लोक रात्रभर चालत इथे येतात. आत्याने रुईच्या पानांची माळ वाहिली. बाहेर आलो, तर रिक्षावाला म्हणाला, "औरंगजेबाची कबर बघायची ना? समोरच आहे."

मला बघायची होती की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं. संभाजी महाराजांचा शेवट आठवल्याशिवाय मराठी माणूस त्या जागी उभा राहू शकत नाही. १६८९चा फाल्गुन आपल्या घराघरांत अजून संपलेला नाही. तरीही गेलो. आत्या म्हणाली, "जाऊ या. शेवट कसा झाला ते बघू या."

जुन्या वेशीतून गाव सुरू होतं. औरंगजेबाने या गावाला तट बांधला आणि त्याला वेशी ठेवल्या. नगारखाना, पांगरा, लंगडा ही त्यांतली काही नावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घुमट, कमानी, चौथरे, कुठे नुसतीच कबर आणि तिच्यावर कडुनिंबाची सावली. मग एका घुमटाच्या देवडीतून आम्ही चौकात शिरलो.

ती कबर बघून मी गप्पच झालो. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, आणि वर छप्परसुद्धा नाही. मातीचा आयताकार तुकडा आणि त्यात उगवलेला सब्जा. भोवतीचा संगमरवर आणि नक्षीदार जाळी नंतरची, निजामाच्या काळातली. तो १७०७च्या मार्चमध्ये अहमदनगरला वारला. त्या शहराला आज आमच्या अहिल्याबाईंचं नाव आहे. तिथून त्याला मुद्दाम इथे आणलं. दिल्लीला नाही, आग्र्याला बापाच्या ताजमहालाशेजारी नाही, स्वतःच्या नावाच्या औरंगाबादेतही नाही. का?

हा प्रश्न मी मनात विचारला असेन, पण तोंडावर उमटला असावा. जवळ एक वयस्क खादिम, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, उभे होते. पांढरी टोपी, हातात मोरपिसांचा झाडू. मराठवाडी मराठीत म्हणाले, "बादशहा बघितलात. आता ज्यांच्यासाठी बादशहा इथं आला, त्यांना बघा की."

आवारात पलीकडे दुसरी इमारत होती. खरं तर तीच पहिली. तीनशे वर्षांपूर्वी ही कबर तिच्या अंगणात आली, आणि इमारतीतला माणूस त्याच्याही आधी तीनशेहून जास्त वर्षं इथे झोपलेला होता. येणारे लोक कबरीपाशी फोटो काढून परत जात होते. त्या दाराकडे कोणी वळत नव्हतं. मीही वळलो नसतो.

"आईंना इथं सावलीत बसवा," खादिम म्हणाले. आत्या ओसरीच्या दगडावर बसली. तिथे आधीपासून एक म्हातारी तसबी, म्हणजे जपमाळ, ओढत बसली होती. तिने सरकून जागा करून दिली.

दर्ग्याचे दोन चौक आहेत, एकाच्या पोटात दुसरा. आत ज्यांची कबर आहे ते ख्वाजा जैनुद्दीन शिराझी. जन्म इराणातल्या शिराझचा, हिजरी ७०१ म्हणजे इसवी १३०१-०२ चा. मक्केची यात्रा करून ते दिल्लीला आले, समाना गावच्या मौलाना कमालुद्दीनांकडे शिकले आणि गुरूबरोबर दौलताबादला पोचले. मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं उचलून देवगिरीला आणली तो हा काळ. इथे ते काझी होते. कुराण, हदीस, धर्मशास्त्र, सगळं मुखोद्गत. पंडित माणूस.

दारापाशी मी थांबलो. उंबऱ्यात बसवलेले घोटीव दगड शतकानुशतकांच्या पावलांनी आरशासारखे झाले आहेत. १८८४मध्ये निजाम सरकारने छापलेल्या औरंगाबादच्या गॅझेटियरमध्ये या दारांवरच्या चांदीच्या पत्र्यांची नोंद आहे, या घोटीव दगडांची आहे, आणि कबरीवर टांगलेल्या शहामृगाच्या अंड्यांच्या माळेचीही आहे. शहामृगाची अंडी, या डोंगरावर! अरबस्तान किंवा आफ्रिकेतून कोणीतरी ती जहाजात, मग बैलांच्या पाठीवर, कापसात गुंडाळून, एकही न फोडता घाट चढवून आणली असतील. मध्ययुगात माणूस, पुस्तक आणि अंडं हे तिन्ही किती लांबून आणि किती जपून येत असत, याचा विचार करत मी उंबऱ्यावर बराच वेळ थांबलो.

शिराझहून निघालेले किती जण वाटेतून परतले असतील! तवारिखांत कवी हाफिजची गोष्ट आहे. बहमनी दरबाराने त्याला दख्खनला बोलावलं, वाटखर्च पाठवला. तो होरमुझच्या बंदरापर्यंत आला, समुद्र खवळलेला बघितला आणि मागे फिरला. हाफिजची कबर आज शिराझमध्ये आहे, आणि जगभरातून लोक तिथे जातात. त्याच गावचा, त्याच शतकातला हा दुसरा माणूस मात्र मागे फिरला नाही. तो आपल्या मातीत आहे आणि आपणच त्याला ओळखत नाही.

खादिमांनी जी गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. दौलताबादेत त्या वेळी ख्वाजा बुऱ्हाणुद्दीन गरीब होते, दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. त्यांच्या खानकाहमध्ये, म्हणजे मठात, गाणं चाले, 'समा' चाले. आमच्या या काझींना ते पटत नव्हतं. पुस्तकी पंडिताला गाण्यात काय धर्म दिसणार? ते मनात अवघड प्रश्न बांधून बुऱ्हाणुद्दीनांकडे गेले, आणि एकही प्रश्न तोंडातून निघण्याआधी बोलता बोलता सगळ्यांची उत्तरं मिळाली. पंडित तिथेच शिष्य झाला. १३३७मध्ये बुऱ्हाणुद्दीन गेले आणि गादी या शिष्याकडे आली. सूफींच्या चिश्ती परंपरेतले हे बाविसावे, म्हणून दर्ग्याला लोक 'बाईस ख्वाजा' म्हणतात. त्यांनी पुढे कोणाला उत्तराधिकारी नेमलं नाही. माळ तिथे थांबली.

याच दौलताबादेत १३४०च्या सुमारास मोरोक्कोचा इब्न बतूता आला होता. गाणाऱ्यांच्या बाजाराचं, तरबाबादचं, त्याने भारावून वर्णन केलं आहे. लांबून आलेल्या त्या प्रवाशाने गावात गाणं ऐकलं, आणि गावातला पंडित गाण्यामुळेच बदलून गेला. एकाच शहराच्या या दोन गोष्टी आहेत.

जैनुद्दीन नुसते मऊ नव्हते. बहमनी सुलतान पहिल्या मुहम्मदशहाशी त्यांचं वाकडं आलं. सुलतान मद्य पितो, म्हणून त्याच्यापुढे मान झुकवायला त्यांनी नकार दिला. बोलावणं आलं तेव्हा ते गुरूच्या कबरीपाशी जाऊन, चटई अंथरून बसले, आणि इथून मला उठवून दाखवा म्हणाले. सुलतान नमला, दारूचे गुत्ते बंद झाले, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. हत्यार काय, तर एक चटई आणि एक कबर.

१३६९मध्ये ते वारले. शिष्याने त्यांची वचनं टिपून ठेवली, त्या ग्रंथाचं नाव 'हिदायत-उल-कुलूब', म्हणजे हृदयांना वाट दाखवणं. त्यांच्या आधी बुऱ्हाणुद्दीनांच्या वचनांचेही असेच ग्रंथ झाले. आपल्याकडे म्हाइंभटाने चक्रधरांची लीळा आठवून आठवून लिहिली, तसंच हे काम. गुरू बोलतो, शिष्य रात्री दिव्याशी बसून लिहितो. चक्रधर आणि म्हाइंभट याच गोदाकाठी वावरलेले, आणि त्यांचा काळ याच्या आधीच्याच शतकातला. यादवांच्या देवगिरीने एक 'लीळाचरित्र' दिलं, तुघलकांच्या दौलताबादेने ही फार्सी टिपणं दिली. डोंगर तोच.

"तुम्ही कुठून आलात?" खादिमांनी विचारलं.

"इंदूरहून. बुऱ्हाणपूरवरून."

ते हसले. "मग तुम्ही दोघांनाही भेटूनच आलात की. तापीच्या त्या काठाला गुरूंचं गाव, या काठाला शिष्याचं. बुऱ्हाणपूर आणि ज़ैनाबाद."

त्यांनी 'ज़' असा उच्चारला की जिभेच्या टोकावर मधमाशी गुणगुणल्यासारखं वाटलं. मी धावतच ओसरीवर गेलो आणि आत्याला सांगितलं. तिने डोक्याला हात लावला. "आणि मी जैनांची वस्ती म्हणाले!"

लोक सांगतात की १३९९च्या सुमारास नसीर खान फारुकीने असीरगड घेतला तेव्हा अभिनंदन करायला जैनुद्दीन स्वतः तापीकाठी गेले, आणि त्या भेटीची आठवण म्हणून दोन्ही काठांवर दोन गावं वसली. तारखा मात्र जुळत नाहीत. जैनुद्दीन तीस वर्षं आधीच वारले होते. माझ्या मनातली त्यांची उंची याने आणखी वाढली. आपल्या बापाच्या गुरूला, जैनुद्दीनांना, ज्याने कधी पाहिलंही नसेल असा राजा त्यांच्या नावाने गाव वसवतो, आणि लोकांना ते इतकं खरं वाटतं की ते मेलेल्या माणसाला घोड्यावर बसवून भेटीला आणतात. मध्ये नदी ठेवून गुरू-शिष्यांना समोरासमोर बसवणारं दुसरं कुठलं गाव मला माहीत नाही. पुढे १६३१मध्ये बुऱ्हाणपुरात मुमताज गेली तेव्हा तिलाही आधी याच जैनाबादच्या बागेत पुरलं होतं. ताजमहालाची पहिली माती शिष्याच्या गावची आहे.

मग समोरच्या दर्ग्यात गेलो. तिथे बुऱ्हाणुद्दीन आहेत, आणि त्यांच्याच आवारात हैदराबादच्या गादीचा संस्थापक निजाम-उल-मुल्क. म्हणजे शिष्याच्या पायाशी दिल्लीचा बादशहा आणि गुरूच्या पायाशी दख्खनचा निजाम. चौदाव्या शतकातले कवी अमीर हसन सिज्ज़ी, ज्यांनी निजामुद्दीन औलियांची वचनं लिहून ठेवली, तेही याच डोंगरावर आहेत. अठराव्या शतकातले अरबी-फार्सीचे थोर पंडित आज़ाद बिलग्रामीही इथेच विसावले. मलिक अंबरची कबर इथे आहे. चौदाशे अवलिये इथे आले, असं गावकरी सांगतात. मी इथल्या कबरी मोजल्या नाहीत. पण कागदावर नाव असलेली माणसं या एका लहान गावात जितकी पुरली गेली आहेत, तितकी पुस्तकं आमच्या शाळेच्या वाचनालयात नव्हती.

या जुन्या दगडांकडे बघताना मला इंदूरचा राजवाडा आठवला. त्याचा मागचा भाग १९८४मध्ये जळाला तेव्हा मी तरुण होतो. वर्षानुवर्षं ती काळी भिंत डोळ्यांसमोर होती. पुढे जुन्या पद्धतीने, वीट, चुना आणि लाकूड वापरून तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा मी रोज काम बघायला जात असे. तिथे मला कळलं की जुनी इमारत श्वास घेते. दगडामागची ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या तोंडाशी येतात आणि पापुद्रे सुटू लागतात. वरून सगळं गुळगुळीत, आतून भुसभुशीत. म्हणून चुना मुरवावा लागतो, घाणीत मळावा लागतो, त्यात बेलफळाचा गर, गूळ, हिरडा, उडदाचं पाणी घालावं लागतं. हे काम जाणणारे गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. देशात कितीतरी समाध्या, छत्र्या, मठ आणि दर्गे श्रद्धेनेच खराब होतात. भक्त ऑइलपेंट देतो, फरशी बसवतो, पत्र्याची शेड घालतो. त्याचा भाव खरा असतो, पण दगडाला तो सोसत नाही.

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८चा कायदा आहे. २०१०पासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगीनेच. औरंगजेबाच्या कबरीला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. बादशहाच्या मातीला पहारा आहे, हे मी बघितलं. माझ्या मनात प्रश्न आला तो त्या पंडिताच्या उंबऱ्याचा. तो दगड बसवणाऱ्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. ते दार उघडझाप करणारे हात पिढ्यानपिढ्या तेच आहेत. खादिमाने रोज पहाटे उठून झाडलं, म्हणून साडेसहाशे वर्षांनी मी तिथे उभा राहू शकलो. जतनाचं पहिलं हत्यार त्यांच्या हातातला तो मोरपिसांचा झाडू आहे.

दुसरं हत्यार म्हणजे वाचन. १९९२मध्ये कार्ल अर्न्स्ट या अमेरिकन अभ्यासकाने या गावावर मोठा ग्रंथ लिहिला. दर्ग्यांमध्ये जपलेली जुनी हस्तलिखितं आणि दानपत्रं त्यांनी वाचली. शिष्यांनी त्या काळीच टिपलेल्या वचनांत एक चित्र दिसतं आणि शतकांनंतर रचलेल्या चमत्कारकथांत दुसरं, हे त्यांनी नेटाने दाखवलं. नंतरच्या कथांत तलवारी खणखणतात. आधीच्या टिपणांत शिकवणं, उपास, गाणं आणि गरिबांना जेवू घालणं आहे. म्हणून कागदही दगडाइतकाच जपायला हवा. दगड पडला तर ढीग तरी दिसतो. कागदाला वाळवी लागली तर माणूस केव्हा नाहीसा झाला ते कोणाला कळतही नाही, आणि मग त्याच्या जागी कोणीही काहीही सांगू शकतो.

दर्ग्यातून बाहेर पडलो. वेशीजवळच्या दुकानात थाळीएवढे खाजे मांडले होते. या गावच्या उरुसात खाज्याचं महत्त्व फार. आत्याने ओसरीवरच्या म्हातारीसाठी एक घेतला आणि स्वतः परत जाऊन तिच्या हातात दिला. दोघी काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण दोघींनी एकमेकींच्या हातावर हात ठेवला.

मग आत्यानेच गाडी शूलिभंजनाकडे घ्यायला लावली. गावापासून जवळच तो डोंगर आहे. एकनाथ महाराजांनी इथे तप केलं असं सांगतात; वर दत्ताचं देऊळ आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, ज्यांची समाधी दौलताबादला दर्गा म्हणून पूजली जाते. 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिताना नाथांच्या कानात कोणाचा आवाज असेल, हे मला तिथे उभं राहून कळलं. दोन्ही बाजूंचं बोलणं त्यांनी पुस्तकातून आणलेलं नव्हतं. ते याच डोंगरावरून खाली आलेलं होतं. समोर खुलताबादचे घुमट, खाली वेरूळची झाडी, पलीकडे देवगिरीचा सुळका. एका नजरेत कैलास लेणं, घृष्णेश्वर, निजलेला मारुती, बाईस ख्वाजा आणि नाथांची जागा. मी इंदूरहून निघालो तेव्हा एका देवळाला निघालो होतो.

परतीला बुऱ्हाणपूरच्या अलीकडे गाडी थांबवली ती आत्याने. संध्याकाळ झाली होती. तापी संथ वाहत होती, पलीकडे शाही किल्ल्याच्या भिंतीवर शेवटचं ऊन होतं. पाटीजवळच्या टपरीवर चहा घेतला. बाकावर एक मुलगा गृहपाठ करत बसला होता, सहावी-सातवीतला. वहीच्या पुठ्ठ्यावर त्याने नाव, शाळा आणि गाव लिहिलं होतं. गाव जैनाबाद.

"किसके नाम पर है तुम्हारा गाँव, पता है?" आत्याने विचारलं.

त्याने मान हलवली, नाही म्हणून.

आत्याने मग त्याला सगळं सांगितलं. शिराझ, मक्का, दिल्ली, दौलताबाद. मनातले प्रश्न, गाणं, गुरू. सुलतान आणि चटई. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई गोष्ट कशी सांगते ते टपरीवाल्यालाही ऐकावंसं वाटलं. मुलाने नदीपलीकडे बघितलं. "मतलब वो सामनेवाले इनके सर थे?"

"हाँ," आत्या म्हणाली. "वो सामनेवाले इनके सर थे."

मग तिने त्याचं पेन मागून घेतलं, वही मांडीवर घेतली आणि 'ज'च्या खाली नीट, सावकाश, एक टिंब दिलं. शाई ओली होती. मुलाने वही तोंडाजवळ धरून तिच्यावर हळूच फुंकर घातली.